नवा लॅपटॉप, नवा रेपो: फ्रंटएंड आपल्या मशीनवर कसा उभा करायचा

अर्धविराम (धागाकर्ता)

दर थोड्या दिवसांनी इथे तोच प्रश्न येतो. रेपो (प्रोजेक्टच्या कोडचं गिट फोल्डर) क्लोन केला, 'एनपीएम इन्स्टॉल' (लागणारी पॅकेज बसवायची कमांड) मारलं, पडदाभर लाल अक्षरं आली, आता काय? सुटे सुटे प्रतिसाद देण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवू. उदाहरणाला रिॲक्ट, टाइपस्क्रिप्ट आणि वीट (डेव्ह सर्व्हर आणि बिल्डचं साधन) घेतोय, आणि बॅकएंड वेगळा, ८०८० पोर्टवर चालणारा. व्ह्यू किंवा स्वेल्ट असलं तरी यातलं बरंचसं लागू पडेल. कमांड आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका.

सुरुवात नोडपासून, म्हणजे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या प्रोग्रामपासून. संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवून थेट बसवू नका. आज एका प्रोजेक्टला २२ लागतं, उद्या दुसऱ्याला २०, आणि मग काढा-घाला सुरू होते. नोडच्या आवृत्त्या बदलून देणारं साधन घ्या: मॅक-लिनक्सवर एनव्हीएम किंवा एफएनएम, विंडोजवर एफएनएम. रेपोच्या मुळाशी 'डॉट एनव्हीएमआरसी' नावाची एका ओळीची फाइल ठेवा, तिच्यात फक्त २२ लिहा. मग फोल्डरमध्ये शिरून 'एफएनएम यूज' म्हटलं की काम झालं. शेलच्या फाइलीत 'एफएनएम एनव्ही'ला 'यूज-ऑन-सीडी' हा पर्याय जोडला तर तेवढंही म्हणावं लागत नाही.

आवृत्ती निवडताना सम आकडाच घ्या. सम आकड्याच्या आवृत्त्या ऑक्टोबरमध्ये दीर्घ मुदतीच्या होतात, विषम आकड्याच्या काही महिन्यांत संपतात. १८ची मुदत ३० एप्रिल २०२५ला संपली, २०ची एप्रिल २०२६पर्यंतच होती, २२ला एप्रिल २०२७पर्यंत आहे. वीट ७ला किमान २०.१९ किंवा २२.१२ लागतं. त्याखालच्या नोडवर चालवलं की 'क्रिप्टो डॉट हॅश इज नॉट अ फंक्शन' अशी एरर येते. लोक तासभर क्रिप्टोचं पॅकेज शोधत बसतात. दोष पॅकेजचा नसतो, नोड जुनं असतं.

'पॅकेज डॉट जेसन'मध्ये 'इंजिन्स' लिहिलं म्हणजे चुकीची आवृत्ती अडेल, हा समज सोडा. एनपीएम नुसती ताकीद देऊन पुढे जातं. खरंच अडवायचं असेल तर रेपोतल्या 'डॉट एनपीएमआरसी'त 'इंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू' ही ओळ हवी.

दुसरं, 'इन्स्टॉल' आणि 'सीआय' यांतला फरक. क्लोन केल्यावर 'एनपीएम सीआय' मारा. ते 'नोड मॉड्यूल्स' (बसवलेल्या पॅकेजांचं फोल्डर) उडवून लॉक फाइलीत (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) आहे तेच, त्याच आवृत्तीचं बसवतं, आणि लॉक फाइल व 'पॅकेज डॉट जेसन' जुळत नसतील तर थांबतं. 'इन्स्टॉल' अशा वेळी गपचूप लॉक फाइल बदलून टाकतं. मग पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासायला पाठवतो तिथे) दोन ओळींच्या कामाबरोबर चार हजार ओळींचा लॉकचा डिफ दिसतो आणि तपासणारा कपाळाला हात लावतो.

प्रॉक्सीचं, म्हणजे मधे बसून विनंत्या बॅकएंडकडे पोचवणाऱ्या सोयीचं, पुढच्या प्रतिसादात लिहितो, तो भाग मोठा आहे.

निळीखिडकी

विंडोजवाल्यांसाठी भर.

पॉवरशेलमध्ये 'एनपीएम' टाकल्या टाकल्या 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम' आलं, तर नोड बिघडलेलं नाही. पॉवरशेल 'एनपीएम डॉट पीएस१' ही स्क्रिप्ट चालवायला नकार देतंय. 'सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी' ही कमांड 'रिमोटसाइन्ड' या मूल्यासह, 'स्कोप' फक्त 'करंटयूजर' ठेवून एकदा चालवा. ॲडमिन लागत नाही. सगळीकडे 'अनरिस्ट्रिक्टेड' करून टाका असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, तो ऐकू नका.

रेपो डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. आजकाल ही दोन्ही फोल्डर बऱ्याच मशीनवर वनड्राइव्हच्या ताब्यात असतात. 'नोड मॉड्यूल्स'मधल्या हजारो बारीक फायली एकीकडे एनपीएम लिहितंय आणि दुसरीकडे सिंक त्यांना धरून बसलंय, त्यातून 'ईपर्म' आणि 'ईबिझी' या एरर येतात. आणि त्या कधी येतात, कधी येत नाहीत, हा त्यातला सगळ्यात वैताग. सी ड्राइव्हवर सरळ 'कोड' नावाचं फोल्डर करा. फोल्डरच्या नावात हॅशचं किंवा अँडचं चिन्ह नको, वीट आणि सीएमडी दोघंही त्यावर अडखळतात.

डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) प्रत्येक फाइल तपासतो म्हणून इन्स्टॉल रेंगाळतं. विंडोज ११ असेल तर डेव्ह ड्राइव्ह करून रेपो त्यावर ठेवा. डिफेंडर तिथे तपासणी जरा मागाहून करतो, त्यामुळे फरक जाणवतो. डिफेंडर पूर्ण बंद करायची गरज नाही.

कंसबंद

एनपीएमवरच का थांबलात? पीएनपीएम घ्या, तेही पॅकेज बसवायचंच साधन. एकच पॅकेज दहा रेपोंत असलं तरी डिस्कवर एकदाच राहतं, प्रत्येक रेपोत हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलीचं दुसरं नाव. छोट्या एसएसडीच्या लॅपटॉपवर याचा मोठा फायदा. शिवाय आवृत्ती १०पासून पॅकेजांच्या पोस्टइन्स्टॉल (बसवल्यावर चालणाऱ्या) स्क्रिप्ट आपोआप चालत नाहीत, 'पीएनपीएम अप्रूव्ह-बिल्ड्स' करून एकेकाला परवानगी द्यावी लागते. सप्टेंबर २०२५मध्ये चॉक आणि डीबग या पॅकेजांच्या दूषित आवृत्त्या एनपीएमवर आल्या होत्या, त्यानंतर तरी हे सगळ्यांना पटायला हवं.

अर्धविराम

@कंसबंद, पटतं, पण त्या प्रकरणात घातक कोड पॅकेजच्या आतच होता, पोस्टइन्स्टॉलमध्ये नव्हता. स्क्रिप्ट अडवून तो अडला नसता. तिथे लॉक फाइल आणि 'सीआय' कामी येतात, कारण तासाभरापूर्वी आलेली आवृत्ती आपोआप आत शिरत नाही.

नव्या माणसाने मात्र रेपोत जी लॉक फाइल आहे तेच साधन वापरावं. 'पॅकेज-लॉक' असेल तर एनपीएम, 'पीएनपीएम-लॉक' असेल तर पीएनपीएम. दोन्ही लॉक फायली एकाच रेपोत दिसल्या तर कुणीतरी गोंधळ घातलाय, आधी ते मिटवा.

कंसबंद

मान्य. आणि पीएनपीएमसाठी कोअरपॅकवर (अशी साधनं बसवून देणाऱ्या प्रोग्रामवर) विसंबू नका. नोड २५पासून ते सोबत येत नाही.

अर्धविराम

आता प्रॉक्सी.

फ्रंटएंड 'लोकलहोस्ट:५१७३'वर, बॅकएंड ८०८०वर. पोर्ट वेगळा म्हणजे ब्राउझरच्या लेखी ओरिजिन (प्रोटोकॉल, नाव आणि पोर्ट मिळून होणारा पत्ता) वेगळं, म्हणून फेच केल्यावर कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर वाचायला परवानगी नसल्याची एरर. यावर बॅकएंडवाल्याला 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन'मध्ये चांदणी (*, म्हणजे सगळ्यांना परवानगी) टाकायला सांगणं हा सगळ्यात वाईट उपाय. कुकी पाठवायच्या असतील तर चांदणी चालतच नाही, आणि ती चुकून प्रॉडक्शनला (खऱ्या वापराच्या सर्व्हरवर) गेली तर निराळंच दुखणं. ब्राउझर सुरक्षा बंद करून उघडणं हा दुसरा वाईट उपाय.

बरोबर रस्ता असा की ब्राउझरला दोन पत्ते दिसूच द्यायचे नाहीत. 'वीट डॉट कॉन्फिग'मध्ये 'सर्व्हर'खाली 'प्रॉक्सी', त्यात 'स्लॅश एपीआय' ही किल्ली आणि तिचं 'टार्गेट' 'एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०'. कोडमध्ये सगळीकडे नुसतं 'स्लॅश एपीआय स्लॅश ऑर्डर्स' लिहायचं, पूर्ण पत्ता कुठेच नाही. ब्राउझर ५१७३लाच विचारतो, वीट मागच्या दाराने ८०८०कडून आणून देतं. प्रॉडक्शनमध्ये हेच काम एनजिनएक्स हा वेब सर्व्हर करतो, म्हणून कोड तसाच राहतो.

टार्गेटमध्ये 'लोकलहोस्ट' न लिहिता १२७.०.०.१ का? नोड १७पासून नावाचा पत्ता काढताना सिस्टिम जो क्रम देईल तोच पाळला जातो. अनेक मशीनवर 'लोकलहोस्ट' म्हणजे आधी आयपीव्ही६चा '::१' येतो. बॅकएंड फक्त आयपीव्ही४वर ऐकत असेल तर 'ईकनरिफ्यूज्ड ::१:८०८०' येतं. बॅकएंड चालू आहे, ब्राउझरमध्ये थेट उघडतोय, तरी प्रॉक्सी म्हणतेय कुणी नाही. एररमध्ये ते दोन कोलन दिसले की ओळखा.

उलट बाजूनेही हेच होतं. वीट स्वतः '::१'वर ऐकत असतं आणि तुम्ही ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:५१७३ टाकता, पान उघडत नाही. 'लोकलहोस्ट' लिहा.

'स्ट्रिक्टपोर्ट' ट्रू ठेवा. नाहीतर ५१७३ अडलेला असला की वीट ५१७४वर जाऊन बसतं, कोपऱ्यात एक ओळ छापून. पोर्ट बदलला की ओरिजिन बदललं, म्हणून लोकलस्टोरेज रिकामं दिसतं. गूगल लॉगिनचा रीडायरेक्ट पत्ता ५१७३ला नोंदवलेला असतो, तोही नाकारला जातो. पोर्ट कुणी धरलाय ते मॅक-लिनक्सवर 'एलसॉफ -आय :५१७३'ने कळतं, विंडोजवर 'नेटस्टॅट -एएनओ'ने.

निळीखिडकी

विंडोजवर एक वेगळाच प्रकार असतो. नेटस्टॅटमध्ये पोर्टवर कुणीच नाही, तरी 'ईॲक्सेस परमिशन डिनाइड'. हायपर-व्ही (विंडोजची व्हर्च्युअल मशीनची सोय) पोर्टांचे पट्टे राखून ठेवतो, त्यात आपला सापडलेला असतो. 'नेटश इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी' मारून पाहा. ॲडमिन टर्मिनलमध्ये 'नेट स्टॉप विननॅट', मग 'नेट स्टार्ट विननॅट' केलं की पट्टे नव्याने पडतात आणि बहुतेक वेळा आपला सुटतो.

टर्मिनलकर

मॅकवाल्यांनी बॅकएंड ५०००वर ठेवू नये. मॉन्टेरेपासून, म्हणजे २०२१पासून, तिथे एअरप्ले रिसीव्हर बसतो. फ्लास्क या पायथन फ्रेमवर्कचा ठरीव पोर्ट नेमका तोच. ४०३ (परवानगी नाही) येतं आणि वाटतं आपल्याच कोडने दिलं. उत्तराच्या हेडरमध्ये 'सर्व्हर: एअरट्यून्स' दिसलं की उलगडा होतो.

नवीन_भरती

धागा वाचून प्रॉक्सी लावली, टार्गेट टीमच्या स्टेजिंग (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या) सर्व्हरचं दिलंय, 'चेंजओरिजिन' ट्रू आहे. गेट चालतं. पोस्ट केलं की ४०३. पोस्टमनमधून (विनंत्या पाठवून पाहायचं साधन) तीच पोस्ट चालते. बॅकएंड जँगो (पायथनचं फ्रेमवर्क) आहे.

टर्मिनलकर

@नवीन_भरती, 'चेंजओरिजिन' हे नाव फसवं आहे. त्याने 'होस्ट' हेडर बदलतो, 'ओरिजिन' हेडर नाही. ब्राउझर पोस्ट करताना 'ओरिजिन: एचटीटीपी://लोकलहोस्ट:५१७३' लावतो, प्रॉक्सी तो तसाच पुढे ढकलते. जँगो ४.०पासून सीएसआरएफच्या (दुसऱ्या साइटने परस्पर पाठवलेल्या विनंत्या अडवण्याच्या) तपासणीत ओरिजिनही बघितलं जातं, आणि तुमचं लोकलहोस्ट स्टेजिंगच्या विश्वासू यादीत नाही. साध्या गेटवर ही तपासणी होत नाही आणि पोस्टमन ओरिजिन लावत नाही, म्हणून ते दोन्ही सुटले.

दोन मार्ग आहेत. स्टेजिंगच्या 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स'मध्ये तुमचा पत्ता घालून घ्या. हे सरळ आहे, पण दुसऱ्यावर अवलंबून. नाहीतर वीटच्या त्याच प्रॉक्सीच्या नोंदीत 'कॉन्फिगर' नावाचं फंक्शन देता येतं. त्यात 'प्रॉक्सीरेक' या इव्हेंटला धरून 'सेटहेडर'ने ओरिजिन टार्गेटएवढंच करा. टार्गेट एचटीटीपीएस असेल तर जँगो कडक तपासणीत 'रेफरर'ही बघतो, पण तो ओरिजिन नसेल तेव्हाच. म्हणून ओरिजिन पुसू नका, बदला.

तपासायचं कसं? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये हा बदल दिसणार नाही, कारण तो ब्राउझरच्या पलीकडे होतो. त्याच फंक्शनमध्ये 'गेटहेडर'ने ओरिजिन छापा आणि टर्मिनल बघा.

नवीन_भरती

चाललं! आता लॉगिन होतं, पण पुढच्याच रिक्वेस्टला ४०१ (लॉगिन नाही). कुकी जातच नाहीये.

टर्मिनलकर

सेट-कुकीमध्ये 'डोमेन' स्टेजिंगचं असणार. लोकलहोस्टवर ब्राउझर ती टाकून देतो. प्रॉक्सीत 'कुकीडोमेनरीराइट'ला रिकामी स्ट्रिंग द्या, डोमेनचा भाग गळून पडेल. 'सिक्युअर' असलेली कुकी क्रोम आणि फायरफॉक्स लोकलहोस्टवर एचटीटीपी असूनही ठेवतात, सफारी नाही. तेव्हा सफारीत तपासायचं असेल तर स्थानिक एचटीटीपीएस लागेलच.

मांडवीकाठ

कुकीचा विषय निघालाय तर एक: कुकी पोर्ट पाहत नाही. ३०००वरच्या एका प्रोजेक्टची 'सेशन' नावाची कुकी ५१७३वरच्या दुसऱ्यालाही जाते. दोन प्रोजेक्ट एकाच वेळी चालवताना एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर फेकले जाता, त्याचं कारण हे. एकाला 'दुकान.लोकलहोस्ट' असं नाव देऊन उघडा. क्रोम आणि फायरफॉक्स 'लोकलहोस्ट'ने संपणारी नावं आपल्याच मशीनकडे वळवतात, होस्ट्स फाइलीला (नावाचा पत्ता हाताने ठरवायची सिस्टिमची फाइल) हात लावावा लागत नाही.

होस्ट्स फाइलीत नाव घालायचंच असेल तर शेवट 'डॉट टेस्ट' ठेवा, ते चाचणीसाठीच राखलेलं आहे. 'डॉट डेव्ह' अजिबात नको. ते पूर्ण डोमेन ब्राउझरच्या एचएसटीएस (फक्त एचटीटीपीएस चालेल अशा नावांच्या) यादीत आहे, एचटीटीपी उघडतच नाही. आणि असं नाव दिल्यावर वीटने 'ब्लॉक्ड रिक्वेस्ट, धिस होस्ट इज नॉट अलाउड' म्हटलं तर 'सर्व्हर'खाली 'अलाउडहोस्ट्स'मध्ये ते नाव घाला. जानेवारी २०२५च्या सुरक्षा दुरुस्तीपासून हे आहे. तिथे ट्रू लिहून सगळ्यांना दार उघडू नका.

रात्रपाळी

लोकलहोस्ट:३००० उघडलं की मागच्याच कुठल्यातरी प्रोजेक्टचं पान येतं. डेव्ह सर्व्हर बंद केला तरी येतं! हे भुताटकीचं प्रकरण कुणी सांगेल का?

मांडवीकाठ

सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट. आधीच्या प्रोजेक्टने त्याच ओरिजिनवर नोंदवला होता, तो कॅशमधून पान देत राहतो. डेव्हटूल्समध्ये ॲप्लिकेशन टॅब, सर्व्हिस वर्कर्स, 'अनरजिस्टर'. मग तिथेच 'स्टोरेज'मध्ये 'क्लिअर साइट डेटा'. कंट्रोल-शिफ्ट-आर मारून त्या वेळेपुरतं नवं पान दिसतं, पुढच्या साध्या रीलोडला पुन्हा जुनंच. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळा ठरीव पोर्ट दिला की हा त्रास होत नाही.

रात्रपाळी

सुटलं, धन्यवाद. परतफेड म्हणून 'डॉट एनव्ही' या सेटिंगच्या फाइलीबद्दल लिहितो.

ब्राउझरच्या कोडमध्ये फक्त 'वीट अंडरस्कोर'ने सुरू होणारी चलं पोचतात, आणि जी पोचतात ती बंडलमध्ये (ब्राउझरला जाणाऱ्या तयार कोडमध्ये) उघड्या अक्षरांत जातात. गुप्त किल्लीच्या नावाला हा उपसर्ग लावून 'आता चालतंय' म्हणणारे भेटतात. चालतंय, पण जगाला दिसतंय.

मूल्य नेहमी स्ट्रिंग असतं. 'फॉल्स' लिहिलेलं चल इफमध्ये खरं ठरतं, कारण ती पाच अक्षरांची न-रिकामी स्ट्रिंग आहे. 'बरोबर ट्रू ही स्ट्रिंग आहे का' अशी तुलना करा.

आणि शेलमध्ये आधीच एक्सपोर्ट केलेलं चल फाइलीला हरवतं. फाइलीत कितीही बदला, जुनंच मूल्य येत असेल तर 'एको' करून शेल तपासा.

वीटच्या साच्यातलं गिटइग्नोर 'डॉट लोकल'ने संपणाऱ्या फायली वगळतं, साधी 'डॉट एनव्ही' वगळत नाही. म्हणजे 'डॉट एनव्ही'त सगळ्यांना चालेल असं, आपलं खासगी ते 'डॉट एनव्ही डॉट लोकल'मध्ये.

निळीखिडकी

डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार: फाइल सेव्ह केली तरी पान बदलत नाही. रेपो 'एमएनटी स्लॅश सी'खाली, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर असतो आणि नोड लिनक्समध्ये. फाइल बदलल्याची खबर त्या सीमेपलीकडे जात नाही. 'वॉच'खाली 'यूजपोलिंग' ट्रू केलं की चालतं, पण मग सीपीयू सतत फायली चाळत बसतो आणि पंखा घोंघावतो. खरा उपाय एकच, रेपो लिनक्सच्या होममध्ये क्लोन करायचा आणि व्हीएस कोड तिथूनच 'कोड .' करून उघडायचा.

विंडोजमध्ये बसवलेलं 'नोड मॉड्यूल्स' उचलून लिनक्समध्ये नेऊ नका. रोलअप आणि ईएसबिल्ड या बिल्डच्या साधनांचे सिस्टिमनुसार वेगळे बायनरी असतात. 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू' अशी एरर त्यातूनच येते. तिथे फोल्डर उडवून नव्याने 'सीआय'. तरीही तीच एरर राहिली तर लॉक फाइलच अर्धवट तयार झालेली असते, पर्यायी पॅकेजांच्या बाबतीत एनपीएमचा हा जुना दोष आहे. मग एकदाच लॉकही काढून 'इन्स्टॉल', आणि तो बदल वेगळ्या कमिटमध्ये.

टर्मिनलकर

शुद्ध लिनक्सवर 'ईनोस्पीसी, फाइल वॉचर्स' आलं तर डिस्क भरलेली नाही. इनोटिफायची (फायलींवर नजर ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) मर्यादा संपली. 'एफएस.इनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस'ला ५२४२८८ द्या, 'ईटीसी स्लॅश सिससीटीएल.डी'मध्ये फाइल करून, म्हणजे रीबूटनंतरही राहील.

नवीन_भरती

त्यापेक्षा सगळं डॉकरमध्ये (कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात प्रोग्राम चालवणारं साधन) टाकलं तर? मग आवृत्त्यांची भानगडच नको ना?

कंसबंद

डेटाबेस, रेडिस, बॅकएंड डॉकरमध्ये जरूर. फ्रंटएंडचा डेव्ह सर्व्हर नको, असं माझं मत. मॅक आणि विंडोजवर डॉकर म्हणजे आत एक लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन. सोर्स फोल्डर त्यात बाइंड माउंट केलं, म्हणजे थेट जोडलं की वर सांगितलेला फायलींच्या सीमेचा सगळा प्रश्न दुसऱ्या दाराने घरात येतो. शिवाय 'होस्ट' ०.०.०.० करावा लागतो, नाहीतर पोर्ट उघडूनही बाहेरून काही दिसत नाही. वर यजमान मशीनचं 'नोड मॉड्यूल्स' कंटेनरमधल्यावर झाकण घालतं, म्हणून त्याला वेगळं नामांकित व्हॉल्यूम. एवढं करून मिळालं काय, तर नोडची आवृत्ती. ती एका ओळीच्या फाइलीने मिळत होती.

टर्मिनलकर

थोडा असहमत. पूर्ण टीम लिनक्सवर असेल तर यातलं निम्मं दुखणं उरतच नाही, आणि डेव्हकंटेनरमुळे (कामाचं तयार वातावरण असलेल्या कंटेनरमुळे) नवा माणूस खरंच लवकर सुरू होतो. पण टीममध्ये मॅक-विंडोज मिसळ असेल तर @कंसबंद म्हणतात ते बरोबर.

मांडवीकाठ

फोनवर तपासताना लोक 'वीट --होस्ट' करून १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता फोनमध्ये उघडतात. पान येतं, पण कॅमेरा, सर्व्हिस वर्कर, क्लिपबोर्ड काही चालत नाही. हे सगळं सुरक्षित संदर्भातच मिळतं. 'लोकलहोस्ट'ला ब्राउझर सुरक्षित धरतो, एचटीटीपीवरच्या आयपीला नाही.

अँड्रॉइडवर सोपी युक्ती: यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लावा, 'एडीबी रिव्हर्स टीसीपी:५१७३ टीसीपी:५१७३'. आता फोनच्या क्रोममध्ये 'लोकलहोस्ट:५१७३' उघडा. फोनचा लोकलहोस्ट केबलमधून लॅपटॉपवर येतो, कॅमेरा चालतो, वायफायही लागत नाही. लॅपटॉपच्या क्रोममध्ये 'क्रोम://इन्स्पेक्ट' उघडलं की फोनवरच्या पानाचं कन्सोल समोर. केबल काढली की पुन्हा कमांड मारायची. आयफोनला हे जमत नाही, तिथे एमकेसर्ट वापरून स्थानिक प्रमाणपत्र करा आणि त्याचं मूळ प्रमाणपत्र फोनमध्ये विश्वासू म्हणून चालू करा. नुसतं बसवून भागत नाही, सेटिंग्जमध्ये जनरल, अबाउट, 'सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज'मध्ये जाऊन कळ दाबावी लागते.

रात्रपाळी

मराठी इंटरफेस असेल तर लोकलवरच पकडायच्या गोष्टी.

जावास्क्रिप्टच्या 'इंटल नंबरफॉरमॅट'ला 'एमआर-आयएन' दिलं की आकडे आपोआप देवनागरी येतात, १,२३,४५६ असे. 'एचआय-आयएन'ला तसं होत नाही, रोमन येतात. हिंदीवर लिहिलेली टेस्ट मराठीला लावली की पडते ती इथे. रोमन आकडे हवे असतील तर 'नंबरिंगसिस्टिम' 'लॅटन' द्या. उलट दिशेने, रकान्यात कुणी १२३ देवनागरीत टाकलं तर 'नंबर()' 'एनएएन' (आकडा नाही) देतो. आधी अंक बदलून घ्या.

तारखा. दिनांक निवडकातून १ जानेवारी २०२५ घेतली, 'टूआयएसओस्ट्रिंग' केली, बॅकएंडला ३१ डिसेंबर २०२४ गेली. आपली स्थानिक मध्यरात्र म्हणजे यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) आदल्या दिवसाची १८:३०. सीआय सर्व्हर (टेस्ट आपोआप चालवणारा, 'एनपीएम सीआय' ही कमांड नव्हे) यूटीसीवर चालतो म्हणून तिथे टेस्ट हिरवी, आपल्याकडे लाल. टेस्टमध्ये टाइमझोन ठरवून टाका, आणि तोही 'पॅकेज डॉट जेसन'च्या स्क्रिप्टमध्ये 'टीझेड=' असं लिहून नको. सीएमडीला ते वाक्यरूप कळत नाही. व्हायटेस्ट या टेस्टच्या साधनाच्या ग्लोबलसेटअप फाइलीत 'प्रोसेस.एनव्ही.टीझेड' द्या. एशिया/कोलकाता आणि यूटीसी, दोन्हीवर चालवून पाहा.

एचटीएमएलमध्ये 'लँग' 'एमआर' लिहा, 'ईएन' तसंच ठेवू नका. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत ते त्यावरूनच निवडले जातात. आणि 'लाइन-हाइट' १ व 'ओव्हरफ्लो हिडन' एकत्र असले की बटणावर 'नोंदणी'चा अनुस्वार किंवा 'कृती'चा ऋकार कापला जातो. डिझाइन इंग्रजी मजकुरावर मंजूर झालेलं असतं, म्हणून डमी मजकूर पहिल्या दिवसापासून मराठीच ठेवा, त्यात 'र्‍हस्व', 'सुऱ्या', 'र्‍हास' असे शब्द हवेतच.

निळीखिडकी

'ऱ्हस्व'मधला आडवा र लिहायला तुम्हीसुद्धा दोन पद्धती वापरल्यात बघा. एकदा र, हलंत आणि मधला न दिसणारा जोडक, एकदा नुक्त्याचा ऱ. दिसायला जवळपास सारखं, पण शोध पेटीत एक टाकून दुसरं सापडत नाही.

रात्रपाळी

टंकलेखन पकडलंत! पण तोच मुद्दा आहे. दोन्ही रूपं डमी डेटात ठेवा, शोध सुरू करण्याआधी एका रूपात आणा.

कंसबंद

फाइलीच्या नावातली लहान-मोठी अक्षरं राहिली. आयात 'बटन'ची, डिस्कवर फाइल 'बटन'च पण पहिलं अक्षर कॅपिटल. मॅक-विंडोजवर चालतं, सीआयच्या लिनक्सवर 'मॉड्यूल नॉट फाउंड'. नुसतं नाव बदलून कमिट केलं तर गिटला बदल दिसतच नाही. 'गिट एमव्ही'ने बदला.

ओळींच्या शेवटासाठी 'डॉट गिटॲट्रिब्यूट्स'मध्ये '* टेक्स्ट=ऑटो ईओएल=एलएफ'. नाहीतर विंडोजवर प्रिटियर हा फॉरमॅटर प्रत्येक ओळीखाली लाल रेघ ओढतो.

नवीन_भरती

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो, ऑफिसच्या नेटवर्कवर 'सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन चेन' येतं. कुणीतरी 'स्ट्रिक्ट-एसएसएल फॉल्स' करायला सांगितलंय.

टर्मिनलकर

करू नका. ऑफिसची प्रॉक्सी मधे बसून एचटीटीपीएस उघडते आणि स्वतःच्या प्रमाणपत्राने बंद करते. आयटीकडून त्या मूळ प्रमाणपत्राची 'पेम' फाइल मागा, आणि 'नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स' या चलात तिचा पूर्ण पत्ता द्या. हे शेलमध्ये किंवा सिस्टिमच्या चलांत हवं, 'डॉट एनव्ही'त लिहून उपयोग नाही, कारण नोड सुरू होतानाच ते वाचतं.

अर्धविराम

रीडमीत (रेपोच्या माहितीच्या फाइलीत) टाकायला, धाग्यातून निघालेल्या ओळी:

एफएनएम यूज
एनपीएम सीआय
सीपी डॉट एनव्ही डॉट एक्झाम्पल डॉट एनव्ही डॉट लोकल
डॉकर कंपोज अप -डी
एनपीएम रन डेव्ह

खाली दोन वाक्यं: ॲप कुठल्या पत्त्यावर उघडेल, आणि चाचणीचं लॉगिन कुणाकडे मागायचं. वीट टाइप तपासत नाही, नुसते काढून टाकतं, म्हणून 'टीएससी --नोएमिट'ची वेगळी स्क्रिप्टही असू द्या.

मांडवीकाठ

एवढं सगळं वाचून नव्या माणसाला वीटचा वीट नाही आला म्हणजे मिळवलं.

निळीखिडकी

तिसरी ओळ पॉवरशेलमध्ये चालते, सीएमडीत नाही. तिथे 'कॉपी' लागतं.

अर्धविराम

बरोबर, रीडमीत दोन्ही देतो.